हलत्या बागेतलं हॉटेल

घरात पाहुणा असताना वर्तमानपत्र मोठ्यानं वाचू नये, हे शहाणपण मला एका रविवारी सकाळी आलं, आणि शहाणपणाच्या रीतीप्रमाणं वाचून झाल्यावर आलं. चहाचा कप माझ्या हातात होता, समोर बाजेवर मांडी घालून माझे साडभाऊ पोहे खात होते, आणि मी सवयीनं आतल्या पानावरच्या बारीकसारीक बातम्या खड्या आवाजात वाचत होतो. सरकीचे भाव झाले, भातकुलीकडे कुणाची म्हैस हरवली होती ती झाली, आणि मग आलं, 'शेठजींच्या हलत्या बागेत लवकरच भव्य हॉटेल'. इथं थांबलो असतो तर पुढचं काहीच झालं नसतं. पण मी मान वर केली आणि अतिशय प्रसन्न चेहऱ्यानं म्हणालो, "घ्या साडभाऊ, तुमच्या मुक्कामाची कायमची सोय झाली."

आत पाट्यावर फिरणारा वरवंटा थांबला. आमच्या घरी वरवंटा थांबला की स्टेशनात लाल सिग्नल लागल्यासारखं असतं, पुढं कुणी हलायचं नाही. साडभाऊ मात्र मोकळेपणानं हसले. "हाटेलात कोनी मुक्काम करते काय? हाटेलात मानूस चहा पेते, आलुबोंडा खाते न् आपल्या घरी जाते," ते म्हणाले. 'आपल्या घरी' म्हणताना त्यांनी हातातल्या चमच्यानं जे घर दाखवलं, ते माझं होतं.

या पृथ्वीवर कुठल्याही ठिकाणावर कुठल्याही माणसानं साडभाऊंइतकं प्रेम केलेलं नाही, आणि दुसऱ्याच्या प्रेमाचा भार माझ्याइतका कुणी उचललेला नाही, असं माझं ठाम मत आहे. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. हे नातं मोठं गमतीचं. दोघांनीही एकमेकांना साडभाऊच म्हणायचं असतं, त्यामुळे हाक कुणी मारली आणि ओ कुणी द्यायची याचा घोटाळा होतो. आमच्या बाबतीत तर घर कुणाचं आणि पाहुणा कोण, इथवर घोटाळा गेला होता. ते अकोल्याला जकात नाक्यावर कारकून. मी बडनेरा स्टेशनवर पार्सल ऑफिसात. आमच्या ताई, म्हणजे त्यांच्या मंडळी, थोड्याशा आजाराचं निमित्त होऊन गेल्या. मूलबाळ नव्हतं. त्यानंतरच्या दिवाळीला आम्ही त्यांना बळंच बडनेऱ्याला आणलं आणि मन रमावं म्हणून नव्यानंच सुरू झालेली हलती बाग दाखवायला नेलं. मी नेलं, हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं ज्याला त्याला मी दोष देत सुटलो. त्यांचं मन असं रमलं की त्या दिवसापासून दर शनिवारी संध्याकाळच्या पॅसेंजरनं साडभाऊ काखेत वळकटी आणि हातात छत्री घेऊन उतरायचे, ते सोमवारी पहाटेच्या गाडीनंच परत जायचे. छत्री बाराही महिने असायची. त्यांच्या अकोल्याच्या एका शेजाऱ्यानं त्यांना विचारलं होतं म्हणे, की बायको नाही राहिली, मग साडभाऊ कायचा न् सासुरवाडी कायची? ही गोष्ट त्यांनी आम्हाला विनोद म्हणून सांगितली, आणि त्या विनोदाला ते एकटेच हसले.

आता हलत्या बागेविषयी थोडं सांगायला हवं, कारण नव्या पिढीला ती ठाऊक नाही. आमच्याकडच्या एका शेठजींचा कापसातली सरकी काढायचा जिनिंगचा कारखाना होता. त्यातलं एक जुनं ऑइल इंजिन बदलायची वेळ आली, तेव्हा ते भंगारात घालवण्यापेक्षा देवाधर्माच्या कामी लावावं असं त्यांच्या मनात आलं. बडनेऱ्यापासून कोसभरावर त्यांची रिकामी जमीन होती. तिथं त्यांनी पुराणातले प्रसंग सिमेंटचे करून मांडले आणि लांबलचक पट्ट्यांनी ते सगळे त्या एका इंजिनाला जोडून टाकले. इंजिन सुरू झालं की देव-दानव समुद्र घुसळायचे, बकासुर गाड्यावरचा भात खायचा, मारुतीराय छाती फाडून दाखवायचे आणि झाकायचे, आणि फाटकाशीच आडवा पडलेला कुंभकर्ण घुर्र घुर्र करत श्वास घ्यायचा. त्याचं पोट एखाद्या बैलगाडीच्या साटीएवढं वर यायचं. या सगळ्यांभोवती तीन डब्यांची एक छोटी आगगाडी फिरायची. पट्टा निसटला की मात्र साऱ्या पुराणाचा श्वास एकदमच थांबायचा. मग मिस्त्री येऊन पट्टा चढवेपर्यंत लोक चिंचेखाली बसून शेंगा खात. अमरावतीपासून अकोल्यापर्यंत लोकांना या बागेनं वेड लावलं होतं. साडभाऊंना लागलं त्याला वेड म्हणणं हा वेडाचा अपमान आहे.

त्यांचा बाग पाहण्याचा एक क्रम होता आणि तो मोडला तर सगळं पहिल्यापासून पाहावं लागे. आधी कुंभकर्ण. "हा उठल्याबिगर आत जाऊ नये," ते म्हणत. कुंभकर्ण कधीच उठत नसे, त्यामुळे तिथंच अर्धा तास जाई. मग मारुती, मग समुद्र, आणि शेवटी बकासुर. परक्या माणसांच्या घोळक्यात शिरून ते पुढं काय होणार ते आधीच सांगून टाकत. कुणी चुकीच्या जागी हसला तर त्याच्याकडे असं पाहत की तो आपलं पोर उचलून आगगाडीकडे सरके. एका दिवाळीला रंगाऱ्यानं वनवासाच्या देखाव्यातल्या सीतामाईच्या पिवळ्या लुगड्याला हिरवा रंग दिला, त्या रविवारी साडभाऊ आमच्याकडे जेवले नाहीत. हिनं पुरणपोळी केली होती. "वनवासात नवं लुगडं आनलं कुठून तिनं?" एवढंच ते विचारत राहिले, आणि उत्तर माझ्याकडे असल्यासारखे माझ्याकडे पाहत राहिले. बकासुराच्या जबड्याला गंज चढतो आणि मिस्त्री तेलाची काटकसर करतो, हे लक्षात आल्यापासून ते आमच्या फडताळातली एरंडेलाची बाटली खिशात घालून नेऊ लागले. आमच्या पोरांना दर रविवारी एरंडेल द्यायचा रिवाज त्यामुळं आपोआप बंद पडला. पोरांचा मावसा हा देवमाणूस आहे, असं पोरांचं मत झालं ते तेव्हापासून.

नाक्यावरची सवय तर त्यांच्या हाडात मुरली होती. बाजारातून कुणीही पिशवी घेऊन आलं की साडभाऊ दारातच तिच्यात हात घालणार, वांगी दाबून पाहणार, कोथिंबीर हुंगणार आणि "हं, जाऊ द्या" म्हणणार. एकदा माझे वरिष्ठ आमच्याकडे सहज डोकावले. त्यांच्या हातातल्या पिशवीतून साडभाऊंनी त्यांचं धोतर बाहेर काढलं, उजेडात धरलं आणि विचारलं, "नवं हाये का वापरलेलं?" पुढचे सहा महिने मी ऑफिसात खाली मान घालून पार्सलं मोजत होतो.

आणि या सगळ्यांवर कळस म्हणजे माझ्या घोरण्याविषयीची त्यांची तक्रार. मी घोरत नाही. हे मी लग्नापासून सांगत आलो आहे. ही आणि पोरं आतल्या खोलीत झोपत, आणि बाहेरच्या खोलीत माझ्या खाटेशेजारी साडभाऊंची बाज पडे. दर रविवारी सकाळी चहा येताच ते आत ऐकू जाईल अशा बेतानं म्हणत, "कुसुम, बागेतला कुंभकर्ण परवडला. त्याले निदान पट्टा तरी हाये. याचा पट्टा कुठं असते ते सांग मले, मी काढून ठेवतो." ही आतून हसे. हिचं ते हसू ताईंसारखंच आहे, असं साडभाऊ एकदा म्हणाले होते. त्यामुळं मला त्या हसण्यावर चिडताही येत नसे.

तर असा माणूस शनिवार-रविवार घरात असताना बागेत हॉटेल होणार ही बातमी मी वाचली. माझ्या तोंडून ते वाक्य का गेलं हे आता तुमच्या लक्षात येईल. हिच्या लक्षात ते लगेच आलं होतं. साडभाऊ आंघोळीला गेल्यावर ती वरवंटा हातात घेऊनच बाहेर आली. "बहीन गेली म्हनून भाऊजीले हाटेलात पाठवता काय?" एवढं बोलून ती परत गेली. त्या दिवशीचा ठेचा मला अजून आठवतो.

सगळा घोटाळा 'हॉटेल' या एका शब्दाचा. नुकतेच नवे पैसे आले होते त्या काळातली ही गोष्ट. तेव्हा आमच्या वऱ्हाडात हॉटेल म्हणजे दारात पेटलेली भट्टी, काळी पडलेली कढई, दोन बाकडी आणि रेडिओ. मी रेल्वेतला माणूस. एकदा कामासाठी मुंबईला गेलो होतो आणि तिथल्या हॉटेलात ढेकणांच्या सोबतीनं रात्र काढली होती, त्यामुळं हॉटेलात खोल्याही असतात हे मला ठाऊक होतं. बाकी कुणालाच ठाऊक नव्हतं. मी एकदा सांगून पाहिलं, कुणी विश्वास ठेवला नाही, आणि मग मी गप्प बसलो. गप्प बसणं सोयीचंही होतं.

बातमी आल्याच्या पुढच्याच रविवारी कुंभकर्णाच्या पायाशी आमच्या मंडळाची सभा भरली. हो, मंडळ होतं. बागेच्या भक्तांचं मंडळ. साडभाऊ अध्यक्ष आणि अक्षर बरं म्हणून मी चिटणीस, माझ्या संमतीची वाट न पाहता. सभेत हॉटेलवरून जे काही झालं ते समुद्रमंथनापेक्षा कमी नव्हतं. तेल्हाऱ्याहून दर महिन्याला गाडी जुंपून येणारे एक कास्तकार उभे राहिले. ते म्हणाले, "हाटेल पायजे. पन मिरचीभजे पायजेत. निस्ता बोंडा केला तर आमी येनार नाई, आताच सांगून ठेवतो." एका रिटायर गार्डसाहेबांना काळजी निराळीच होती. कांद्याच्या भज्यांचा वास मारुतीपर्यंत गेला तर? "शनवारचा दिवस असते, देव ब्रह्मचारी, काहून त्याले त्रास देता?" त्यावर वारा कुठून कुठं वाहतो याची चर्चा झाली. एकानं धोतराचा सोगा वर धरून वारा पाहिला. चहा बशीत मिळावा की कपात, यावर दोन तट पडले आणि दोन्ही तट बोलेनासे झाले.

मग आमच्या बडनेऱ्याच्या शाळेतले एक गुरुजी उठले. बौद्ध धर्माची दीक्षा घेतलेल्या घरातले, फार थोडं बोलणारे. ते म्हणाले, "मी एकच इचारतो. कपबशा साऱ्यायसाठी सारख्याच राहतीन ना? का आमची बाहेर कोनाड्यात?" साडभाऊंनी छत्री जमिनीवर टेकली. "सारख्याच राहतीन, गुरुजी. नसतीन त त्या हाटेलात मी पाय ठेवनार नाई, आन् मंडळाचं कोनी ठेवनार नाई. लिहा चिटणीस." मी लिहिलं. माझ्या चिटणीशीत मनापासून लिहिलेलं ते एकच वाक्य.

शेवटी मिरचीभजी, बोंडा, कचोरी, सारख्या कपबशा आणि मारुतीच्या विरुद्ध दिशेला भट्टी, अशा मागण्यांचा अर्ज घेऊन आम्ही शेठजींना गाठलं. शेठजी मोटारीतून उतरत होते, काखेत नकाशाची गुंडाळी होती. अर्ज त्यांनी शांतपणे वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "भाई, हे बोंडा काय आहे? हॉटेल म्हणजे हॉटेल. मुंबईत असतं तसं. लोक रात को ठहरेंगे. वर खोल्या, खाली खोल्या, पलंग, गादी, मच्छरदानी."

"झोपाले?" गार्डसाहेबांनी विचारलं.

"झोपायला."

तेल्हाऱ्याचे कास्तकार पुढं झाले. "शेठजी, घर असल्यावर पैसे देऊन दुसरीकडं झोपाले मानूस काहून येईन? बिमार हाये का तो?"

"येणार, येणार," शेठजी म्हणाले. "कपबशांचं म्हणता, त्या एकच राहतील, माझ्या जिनमध्ये पण एकच आहेत. आणि झोपायला पहिला माणूस आपल्याजवळच आहे. अपने अध्यक्षजी. दर शनिवारी बेचारे अकोल्याहून येतात आणि दुसऱ्याच्या घरी पडतात. बागेवर एवढं प्रेम, त्यांना काहीच नको का? फाटकाजवळची पहिली खोली त्यांची. हर शनिवार. एक पैसा घेणार नाही."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझी टाळी जरा जास्तच वाजली असावी, कारण साडभाऊंनी वळून माझ्याकडे पाहिलं.

त्या दिवशी त्यांनी बकासुराला तेल घातलं नाही. घरी येताना समोरून एक बाई भाजीची टोपली घेऊन गेली, त्यांनी टोपलीत पाहिलंसुद्धा नाही. रात्री जेवताना हिला म्हणाले, "कुसुम, शेठ खोली देतो म्हन्ते मले. दर शनवारी."

"मंग?" ही म्हणाली.

"मंग काय. फुकट देते, एवढ्या लोकांत बोलला, अध्यक्ष हावो मी. नाई कसं म्हनाव?" आणि ते माझ्याकडे पाहायला लागले. मी काहीतरी म्हणावं असं त्यांना वाटत होतं. काय म्हणावं हेही मला कळत होतं. 'खोली कशाला, घर आहे की,' एवढे पाचच शब्द होते. पण मी तेव्हा भाकरीचा पापुद्रा वेगळा काढण्यात गुंतलो होतो, आणि तो निघता निघत नव्हता. हिनं माझ्या ताटात न विचारता आणखी एक भाकर टाकली, तीही जरा उंचावरून.

हॉटेलचं बांधकाम सुरू झालं आणि साडभाऊंनी त्यात दोष काढायला घेतले. पाया कुंभकर्णाच्या डोक्याच्या फार जवळ आला, त्याला ऊन मिळणार नाही. खिडक्या बकासुराकडे आहेत, जेवताना कुणी पाहिलेलं त्याला आवडणार नाही. गाद्या अकोल्याहून येणार आहेत असं कळलं तेव्हा त्या नाक्यावर अडवून ठेवाव्या असं त्यांच्या मनात आलं, पण जकात गावात येणाऱ्या मालावर असते, जाणाऱ्यावर नसते. नोकरीतल्या इतक्या वर्षांत हा नियम त्यांना प्रथमच अन्यायाचा वाटला. मी मात्र दर रविवारी भिंत किती वर आली ते पाहून येई आणि हिच्यासमोर तोंड गंभीर ठेवी.

पुढच्या हिवाळ्यात इमारत उभी राहिली. रविवारी सकाळी उद्घाटन, आणि आदल्या शनिवारी साडभाऊंचा मुहूर्ताचा मुक्काम, असं ठरलं. त्या शनिवारी ते नेहमीसारखे आले. वळकटी खाली ठेवली नाही, काखेतच ठेवून चहा प्याले. सवयीनं छत्री खुंटीला अडकवली, मग आठवण झाल्यासारखी काढून घेतली. "राहू द्या ना छत्री इथंच, भाऊजी," ही म्हणाली. "हो, राहू दे," ते लगेच म्हणाले, आणि छत्री परत खुंटीला गेली. हिनं वांग्याची भाजी, भाकरी आणि ठेचा असं फडक्यात बांधून दिलं. "तिथं देतीन ना जेवाले," ते म्हणाले आणि फडकं घेतलं. मी त्यांना कोपऱ्यापर्यंत पोचवून आलो, बाज भिंतीला उभी करून टाकली, आणि मोकळ्या झालेल्या जागेत दोन वेळा उगाच चालून पाहिलं. मला झोप छान लागली, हे मी लपवत नाही. हिला लागली नाही, असं मला सकाळी सांगण्यात आलं.

सकाळी म्हणजे तांबडं फुटता फुटता दाराची कडी वाजली. दारात साडभाऊ. खांद्यावर वळकटी, धोतर गुडघ्यापर्यंत दवानं भिजलेलं, डोळे लाल.

"काय झालं?" मी विचारलं.

"कुंभकर्ण," ते म्हणाले.

"काय झालं कुंभकर्णाले?" ही आतून आली.

"रातभर घोरत होता, बाप्पा. हाटेलातले दिवे त्याच इंजिनावर ना. दिवे लावाचे त इंजिन चालू, इंजिन चालू त कुंभकर्ण चालू. उशाशीच हाये तो. अन् बाजूला बकासुर, रातभर दात वाजवून राहिला, भात सरते ना खानं सरते. मानूस झोपन कसा?" मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "हे बरे. हे निदान कूस बदलताना थांबते."

बोलता बोलता त्यांनी भिंतीला उभी केलेली बाज आडवी केली, वळकटी सोडली, आणि हिनं चहा ठेवेपर्यंत त्यांना झोप लागली होती. आमच्या घरात घोरणारं कुणी असेल तर ते कोण, हे त्या सकाळी साऱ्या आळीनं ऐकलं. उद्घाटनाचे सनई-चौघडे वाजले, शेठजींनी अध्यक्षांची वाट पाहिली, हार सुकला, आणि अध्यक्ष दुपारी जेवायच्या वेळी उठून पोरांना विचारते झाले, "काय भाजी हाये?"

त्याच संध्याकाळी त्यांनी मंडळापुढं निर्वाळा दिला की बाग उत्तम, हॉटेल उत्तम, पण ते झोपायच्या कामाचं नाही. वऱ्हाडात बातमी पसरायला वर्तमानपत्र लागत नाही. सगळीकडे झालं की त्या हॉटेलात कुंभकर्ण झोपू देत नाही. मुक्कामाला कुणी फिरकेना. शेठजी व्यवहारी माणूस. उन्हाळा सरायच्या आत वरच्या खोल्यांत सरकीची पोती गेली, गाद्या लग्नसराईत भाड्यानं जाऊ लागल्या, आणि खालच्या ओसरीवर भट्टी पेटली. बोंडा आला, मिरचीभजी आली, रेडिओ आला. वारा पाहून भट्टी मारुतीच्या उलट अंगाला घातली होती. गुरुजी दर रविवारी तिथल्या पुढच्या बाकड्यावर बसून सगळ्यांसारख्या कपातून चहा घेत, आणि शेजारी साडभाऊ बशीतून. म्हणजे हॉटेल या शब्दाचा वऱ्हाडानं जो अर्थ धरला होता, तोच शेवटी खरा ठरला, आणि मुंबईला जाऊन आलेला मी खोटा ठरलो.

साडभाऊ पुढं कितीतरी वर्षं येत राहिले. उद्घाटनानंतरच्या पहिल्याच शनिवारी ते दारात जरा घुटमळले होते, पण बाज पडलेली होती. ती कुणी टाकली, हे मला विचारू नका, कंबर माझी धरली होती एवढं सांगतो. शेठजी गेले, त्यांच्या मुलांनी इंजिन विकलं, बागेत काँग्रेस गवत माजलं. कुंभकर्णाचं पोट ज्या दिवशी पट्टा निघाला त्या दिवशी वर आलेलं होतं, ते तसंच वर राहिलं. घेतलेला श्वास त्यानं काही सोडला नाही. बाग बंद झाल्यावरही साडभाऊ शनिवारी येत. "बाग पाहून येतो" म्हणत निघत आणि फाटकाशी टेकून परत येत. आता तेही नाहीत. छत्री खुंटीला आहे. ती काढावी असं कुणी म्हणत नाही, आणि पावसात कुणी ती नेतही नाही.

एक गोष्ट मात्र मी त्यांना शेवटपर्यंत बोललो नाही. त्या उद्घाटनानंतरच्या सोमवारी बागेतला मिस्त्री आमच्या ऑफिसात एक पार्सल सोडवायला आला होता. इंजिनाचा नवा पट्टा. मी सहज म्हणालो, शनिवारी रात्रभर इंजिन चालवलंत म्हणे. तो माझ्याकडे पाहतच राहिला. "कायचं इंजिन, साहेब? शनवारी दुपारीच पट्टा तुटला. रातभर सारं बंद. गॅसबत्तीवर काढली रात. सकाळी शिवून-टाचून चढवला तवा कुठं कार्यक्रम झाला." म्हणजे कुंभकर्ण घोरला नव्हता. बकासुरानं दात वाजवले नव्हते. साऱ्या बागेत चिटपाखरू हललं नव्हतं. इतक्या वर्षांत प्रथमच साडभाऊ माझ्या तावडीत सापडले होते. मी सायकल दामटत घरी आलो, चप्पल काढायच्याही आधी हिला सगळं सांगितलं आणि म्हणालो, "सांग आता, झोप न लागायला काय झालं होतं तुझ्या भाऊजींना?"

ही तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही, मानही वर केली नाही.

"अवो," ती म्हणाली, "कुंभकर्ण बंद होता, म्हनूनच नसन लागली."